यादगिरींची पात्रता

मला कुणी पत्ता सांगितला, की मी तो पुढच्या चौकात दुसऱ्या माणसाला विचारून घेते. दुधाच्या पिशवीवरची तारीख दुकानदाराच्या देखत वाचते. आमचे हे म्हणायचे, "तुला देवानं हातावर प्रसाद ठेवला तरी तू विचारशील, कुठल्या दुकानातला?" हसण्यावारी न्यायचे, पण त्यात खोटं काही नव्हतं. एकतीस वर्षं मी हैदराबादेत, राज्य सरकारच्या सांख्यिकी खात्यात काढली आणि त्यातली निम्मी छाननी विभागात. छाननीत माणसाला संशय घेण्याचाच पगार मिळतो.

या दिवाळी अंकाचं काम पाहणारी मंडळी पुण्या-मुंबईहून इकडे कंपन्यांत आलेली, माझ्या नातवंडांच्या वयाची नसली तरी मुलांपेक्षा बरीच लहान. त्यांतल्या एकानं मोबाईलवर सरकारी जाहिरात दाखवली. वरिष्ठ सांख्यिकी अधिकारी पाहिजेत, पात्रता अमुक, अनुभव तमुक. "काकू, तुमच्या वेळी या पोस्टला काय काय लागायचं?" म्हणून विचारलं. मला आधी शंका आली की हा स्वतःसाठी चौकशी करतोय. पण नाही, अंकासाठीच होतं. "लिहा ना काकू, त्या काळाचं. जग बदलत होतं तेव्हाचं."

लिहिते. मात्र नुसती यादी देऊन माझं भागणार नाही. ती यादी मी एका माणसाला कशी लावली, ते सांगायचंय. आणि एक विनंती. आमचं घर चार पिढ्या इथलं, सगळे शाळेत नाहीतर कचेरीत चिकटलेले. माझ्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' येणारच. ते कुणी काढू नयेत.

आमचं खातं करायचं काय, ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या जावेलाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिला वाटायचं, आम्ही माणसं मोजतो. माणसं दुसरे मोजायचे, आम्ही भाव मोजायचो. शहरातला कामगार महिनाभर काय काय घेतो, त्याची एक यादी केलेली असते. तांदूळ, तूरडाळ, धोतर, साबण, सायकलचं पंक्चर, न्हाव्याकडचा केस कापायचा दर. या यादीला आम्ही 'टोपली' म्हणायचो. आमचे अन्वेषक, म्हणजे भाव टिपणारे लोक, दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या दुकानात जाऊन ठरलेल्या वस्तूचा भाव विचारायचे. 'साबण' एवढंच लिहून चालायचं नाही. कुठल्या कारखान्याचा, केवढ्या वजनाचा, कुठल्या रंगाच्या कागदातला, सगळं पुस्तकात लिहिलेलं. गेल्या आठवड्यात जे विचारलं तेच या आठवड्यात विचारायचं, तरच महागाई किती वाढली ते कळणार. त्यातून जो आकडा, म्हणजे निर्देशांक, निघतो त्यावर लाखो लोकांचा महागाई भत्ता ठरतो. म्हणून डोळ्यांत तेल घालून बसावं लागायचं.

टोपली भरणाऱ्यांत बनवाबनवी करणारेही असायचे. चहाच्या हॉटेलात बसून पन्नास दुकानांचे भाव 'काढणारा' एक इसम मी नुसत्या त्याच्या कागदावरून पकडला होता. खऱ्या बाजारात कांदा एका दुकानात चढतो, शेजारच्या दुकानात तसाच राहतो. याचे कांदे पन्नासही दुकानांत हातात हात घालून चढत होते. खरा कागद नेहमी थोडा वेडावाकडा असतो. फार सरळ कागद दिसला की मी चष्मा पुसून पुन्हा बघायची. या बाबतीत माझं खात्यात नाव होतं आणि मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

तर मग ती नव्वदीची मधली वर्षं. देशाचे दरवाजे उघडले म्हणत होते. मलकपेठपासून हिमायतनगरपर्यंत दुकानांच्या पाट्या बदलत होत्या, आणि कर्ज देणाऱ्या परदेशी संस्था सरकारकडे आकडे मागत होत्या. आमच्यासारख्या, नामपल्ली स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरच्या, पंखे कुरकुरणाऱ्या कचेरीला अचानक भाव आला. वरिष्ठ सांख्यिकी अधिकाऱ्याची एक नवी जागा मंजूर झाली. एकच. तिची पात्रता अशी. संख्याशास्त्र किंवा गणितातली पदव्युत्तर पदवी. संगणकाचं प्रमाणपत्र. खात्यातल्या उमेदवाराला वयाची अट पंचेचाळीस. आणि अर्जाच्या तारखेपर्यंत सलग सात वर्षांचा क्षेत्रीय अनुभव, तोही 'निर्दोष व विश्वासार्ह'. निवड समितीत तिघं. आमचे तेव्हाचे संचालक, विद्यापीठातले एक प्राध्यापक आणि कागदपत्रं तपासायला मी.

काय काय कागद आले म्हणता! अकरा जणांची संगणकाची प्रमाणपत्रं एकाच संस्थेची. मी पत्त्यावर गेले तर खाली मिठाईचं दुकान आणि वर एक खोली. खोलीत एक संगणक, त्यावर क्रोशाचं आच्छादन. "चालू करा," म्हटलं तर म्हणाले, "मॅडम, आज करंट नै." खालच्या दुकानातला पंखा तर गरगर फिरत होता. एकाला सात वर्षांचा अनुभव होता तो सासऱ्याच्या सिमेंटच्या वखारीत. "तिथे काय सांख्यिकी केलीत?" म्हटलं. "पोती," म्हणाला. निदान खरं बोलला. आणखी एक टायवाला, परदेशात सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेला तरुण. त्याचे कागद चोख होते. इतके चोख, की मी ते दोनदा फिरवून पाहिले. पण काही सापडलं नाही.

खात्यातून एकच अर्ज आला होता, यादगिरींचा.

यादगिरी म्हणजे मलकपेठ भागाचे भाव टिपणारे आमचे अन्वेषक. काळेसावळे, सडपातळ, शर्टाचं वरचं बटणही लावणारे. चौदा वर्षं तोच बाजार, तीच दुकानं. ही वरची जागा कधीतरी निघेल म्हणून हा माणूस किती वर्षं तयारी करत होता, ते सगळी कचेरी जाणून होती. आधी नियम होता, पदवी पुरे. ती त्यांच्याकडे होती. मग नियम बदलला, पदव्युत्तर हवी. अडतिसाव्या वर्षी यादगिरी बाहेरून गणिताच्या परीक्षेला बसले, एकदा नापास झाले, पुन्हा बसले आणि पास झाले. मग आला संगणक. तर हिमायतनगरच्या एका क्लासात कॉलेजच्या पोरींच्या शेजारी बसून तेही केलं. पोरी त्यांना 'अंकल' म्हणायच्या आणि हे त्यांच्याकडून कळफलक शिकायचे. अर्ज केला तेव्हा वय चव्वेचाळीस आणि वर काही महिने. म्हणजे ही शेवटची संधी. पुन्हा जागा निघेपर्यंत वयाची रेघ ओलांडली असती. पेढे आधी आणू नका म्हणून लोक त्यांना चिडवायचे, तेव्हा ते लाजून हसायचे.

त्यांचे कागदही मी तपासले. सगळ्यांचे तपासते तर त्यांचे का नको? पदवी खरी, संगणक खरा, वय खरं. राहिला अनुभव. अनुभव तपासायचा म्हणजे मी त्यांची मागच्या सात वर्षांची भावपत्रकं काढली. कांदा वेडावाकडा चढत होता, डाळ घसरत होती, छान चाललं होतं. आणि एका ओळीवर माझं बोट थांबलं. 'बत्तीचा स्टोव्ह, रॉकेलचा, दहा वाती, हिरवा पत्रा', पुढे कारखान्याचं नाव. तीन वर्षं दर आठवड्याला तोच भाव. एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही. ज्या तीन वर्षांत काडेपेटीही महाग झाली, त्या तीन वर्षांत हा स्टोव्ह ढिम्म. म्हटलं, इथे पाणी मुरतंय.

त्यांना बोलावून विचारता आलं असतं. सरळ मार्ग तोच होता. पण विचारलं की माणूस सावध होतो, असा माझा अनुभव. म्हणून कुणाला पत्ता लागू न देता, शनिवारी, तिथल्या मैदानावर घोड्यांच्या रेसचा दिवस होता, त्या गर्दीतून रिक्षा काढत मी मलकपेठच्या बाजारात गेले. पत्रकावर दुकानाचं नाव होतंच. भांडी, स्टोव्ह, कुलपं, दोऱ्या, असलं सगळं विकणारे खाजामियाँ. मेंदी लावलेली दाढी, गळ्यात मापाची टेप. समोर नव्या गॅसच्या शेगड्या चकाकत होत्या, प्लास्टिकच्या बादल्यांचे मनोरे लागले होते. आणि अगदी वरच्या फळीवर, वर्तमानपत्रावर ठेवलेला, हिरवा स्टोव्ह.

"बत्ती का स्टोव्ह मिलेगा?" मी विचारलं. भाचीला हॉस्टेलवर हवाय अशी थापही मारली.

"अब कौन लेते अम्मा बत्ती का स्टोव्ह? ये गॅस का देखो."

"वो ऊपर हरा है ना, वइच देव."

खाजामियाँनी वर पाहिलं आणि दोन्ही हात हलवले. "नक्को अम्मा, वो बेचने का नै. वो गौरमेंट का है."

"गौरमेंट का? तो तुमारे दुकान में कैकू?"

"एक साब आते ना, हर जुमेरात कू. उसका भाव पूछते, लिख लेको जाते. उनके वास्ते रख्या मैं. कंपनी तो कब की बंद हो गई. दो पीस बचे थे, एक कू जंग लग गया."

"और भाव कौन बताता?"

"भाव क्या अम्मा, जो पिछले हफ्ते था वइच."

मी दुप्पट पैसे देऊ केले. खाजामियाँना त्याचा रागच आला. "साब का काम बिगड़ जाएगा," म्हणाले, आणि स्टुलावर चढून त्यांनी फडक्यानं स्टोव्हवरची धूळ पुसली. वातींच्या जागी नुसती भोकं होती.

मला तेव्हा काय वाटलं, तेही सांगून टाकते. मला आनंद झाला. रिक्षात बसून मी मनातल्या मनात टिपण लिहायला घेतलं होतं. चौदा वर्षांचा गुणी माणूस, त्यानं दुकानदाराशी संगनमत करून एक वस्तू फळीवर बसवून ठेवली होती आणि दर गुरुवारी तिच्या पाया पडून येत होता! जो स्टोव्ह कुणी विकत नव्हतं, कुणी घेत नव्हतं, त्याचा भाव आम्ही महागाईत धरत होतो. गरीब माणूस केव्हाच महागड्या शेगडीवर गेला होता आणि आमच्या हिशेबी त्याचा स्वयंपाक तीन वर्षांपूर्वीच्या भावात शिजत होता. म्हणजे नुकसान खरं होतं. माझा राग खोटा नव्हता, एवढंच मला म्हणायचंय.

समितीपुढे यादगिरींना बोलावलं. प्राध्यापकांनी गणिताचे दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं बरी आली. मग मी स्टोव्हचं पत्रक पुढे सरकवलं.

"यादगिरी, ये स्टोव्ह बाजार में बिकता क्या?"

त्यांनी पत्रकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बराच वेळ.

"नै मॅडम."

"फिर भाव किस का लिखे तुम?"

"दुकान में एक पीस है मॅडम. उसका."

"मी जाऊन बघून आलेय," मी संचालकांना सांगितलं, आणि पुन्हा यादगिरींकडे वळले. "कुछ कहना है तुमकू?"

संचालकांनी तेलुगूत विचारलं, काही खुलासा असेल तर आत्ताच सांगा. पुन्हा माझ्याकडे पाहिलं त्यांनी. "काही नाही सर," म्हणाले. "मॅडम कू सब मालूम है."

कबुली दिली, असंच मी समजले. दुसरं काय समजणार? खरा माणूस भांडतो, हातवारे करतो, असा माझा पक्का ग्रह. टिपणात लिहिलं की उमेदवारानं बाजारात नसलेल्या वस्तूचा भाव सलग तीन वर्षं नोंदवला, सबब ही तीन वर्षं 'निर्दोष व विश्वासार्ह अनुभव' म्हणून धरता येत नाहीत. सात वर्षं सलग हवीत, ती भरत नाहीत. अपात्र. खाली सही आणि तारीख. जागा त्या टायवाल्या तरुणाला मिळाली. दीड वर्षात तो एका अमेरिकन कंपनीत निघून गेला आणि जागा तशीच पडून राहिली. यादगिरी पुन्हा गुरुवारच्या गुरुवारी मलकपेठला जायला लागले. वय उलटून गेलं होतं.

कचेरीत माझा दबदबा वाढला. मी जेवणाच्या खोलीत शिरले की बायकांचं बोलणं थांबायचं. मी मनात म्हणायची, चला, धाक आहे.

काही वर्षं गेली. सरकारनं जुनी टोपली मोडून नवी बांधायची ठरवली. जुना सगळा पत्रव्यवहार रद्दीत काढायचा हुकूम आला. कुठल्या फायली नष्ट करायच्या त्याच्या यादीवर विभागप्रमुखानं सही करायची, बाकीचे विभागप्रमुख डोळे मिटून करत होते. मी कसली करते! एकेक फाईल उघडून बघायला बसले. चौथ्या दिवशी मलकपेठची फाईल हाती आली.

त्यात यादगिरींची तीन पत्रं होती. पहिल्यात लिहिलं होतं, सदर स्टोव्हचा कारखाना बंद झाला आहे, बाजारात माल येत नाही, त्याऐवजी एका शेगडीचा गॅस किंवा पंपाचा स्टोव्ह धरण्याची परवानगी द्यावी. दुसरं स्मरणपत्र. तिसऱ्यात त्यांनी विचारलं होतं की परवानगी नसेल तर मी पत्रकावर 'उपलब्ध नाही' असं लिहू का? तिन्ही पत्रं समितीच्या आधीची, तीन वर्षं आधीची.

तिसऱ्या पत्राला आमच्याकडून उत्तर गेलं होतं. त्याची स्थळप्रत, म्हणजे कचेरीत ठेवायची नक्कल, खाली टाचलेली. इंग्रजीतल्या त्या दोन ओळींचा अर्थ असा की निर्देशांकात खंड पडता कामा नये, विहित वस्तूचाच भाव नोंदवावा आणि त्या वस्तूची उपलब्धता सुनिश्चित करावी.

खाली सही माझी.

मी ती उलटसुलट करून पाहिली. दुसऱ्या कुणी केलीय का, शिक्का मारलाय का, कारकुनानं नंतर कागद घुसवलाय का, सगळं पाहून झालं. माझीच. त्या काळात टपालाची चळत समोर यायची, चाळीस-पन्नास उत्तरं, सगळ्यांचा मजकूर कारकून ठरावीक साच्यातून काढायचे आणि मी चहा निवेपर्यंत सह्या संपवायची. लोकांनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर मी तपासलं, आणि स्वतः काय सही करतेय ते वाचलं नाही. उपलब्धता सुनिश्चित करावी! अहो, एका अन्वेषकानं बंद पडलेल्या कारखान्याच्या स्टोव्हची उपलब्धता कशी सुनिश्चित करायची? त्या सरळ माणसानं हुकूम पाळला. दुकानदाराच्या हातापाया पडून शेवटचा नग फळीवर ठेवून घेतला. आणि त्याच हुकुमाबद्दल मी त्याला बाद केलं.

खोटं सांगत नाही, फाईल रद्दीच्या ढिगाकडे सरकवावी असं एक क्षणभर मनात आलं. कुणाला कळलं नसतं. पण हात उचलला गेला नाही. त्या दिवशी मी डबा तसाच घरी परत नेला.

दुसऱ्या दिवशी फाईल घेऊन नव्या संचालकांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, ती जागा गेली, त्यांचं वय गेलं. आता हे उकरून तुमच्याच सेवेला डाग लागेल. तुम्हाला दोन वर्षं राहिलीत. कशाला?" मी हट्टच धरला. डाग लागू दे, म्हटलं, पण त्यांच्या सेवापुस्तकात दुरुस्ती व्हायलाच हवी. महिनाभर मागे लागून एवढं पदरात पडलं, की यादगिरींच्या सेवापुस्तकात एक ओळ आली. त्या तीन वर्षांतली भावनोंद वरिष्ठांच्या लेखी आदेशानुसार होती, त्यांचा अनुभव निर्दोष धरावा. आदेश कुणाचा, तेही मी लिहायला लावलं.

तोवर यादगिरी गुडघ्याच्या दुखण्यानं लांब रजेवर गेले होते. त्या ओळीची सहीशिक्क्याची नक्कल घेऊन मी त्यांच्या घरी गेले, मलकपेठच्या पलीकडच्या एका गल्लीत. दोन खोल्या, दारात सकाळचं मुग्गु, म्हणजे आपली रांगोळी. त्यांच्या बायकोनं "कूर्चोंडी अम्मा" म्हणत मला खुर्ची दिली, पदरानं ती पुसलीही. यादगिरी पलंगावरून उठायला लागले, मी नको नको म्हणत होते तरी उभे राहिले.

काय बोलायचं ते मी रिक्षात घोकून आले होते. पण सगळं विसरले आणि नुसता कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला. सावकाश वाचला. घडी घालून पुन्हा माझ्या हातात दिला.

"अब कैकू मॅडम?"

"यादगिरी, मेरे कू मालूम नै था," मी म्हटलं. "तुमची पत्रं, तो हुकूम, माझी सही. मला खरंच काही आठवत नव्हतं. समितीत तुम्ही एक शब्द तरी बोलायचं होतंत."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती आत गेली. मग म्हणाले, हुकुमाची प्रत त्या दिवशी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. दाखवायची म्हणूनच आणली होती. "लेकिन आपइच पूछे ना मॅडम. ऑर्डर आपकी, पूछनेवाले आप. मैं समझा, आप बोल रे कि मुँह मत खोलो. खोले तो बाकी की नौकरी भी आपकेइच हाथ में है." बाहेर आल्यावर साऱ्या कचेरीनं त्यांना तेच सांगितलं होतं. गप्प बस यादगिरी, मॅडमनं स्वतःची सही वाचवली, तू मध्ये येऊ नको.

म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांना तसंच वाटत होतं! शिपायापासून टायपिस्टपर्यंत. ज्या शांततेला मी धाक म्हणत होते, ती ही होती.

"नाही हो यादगिरी," मी म्हणाले. "देवाशपथ नाही. मला माहीत असतं तर मी असं केलं असतं का?"

"हौ मॅडम," ते म्हणाले. आमच्या हैदराबादेत 'हौ'मध्ये होकार असतो, पण विश्वास असेलच असं नाही. मी जन्मभर लोकांची 'हौ' ऐकलेली. यांच्या 'हौ'त काय होतं ते मला लगेच कळलं. सिद्ध करायला माझ्याकडे काय होतं? मला ठाऊक नव्हतं, याचा कागद कुठून आणणार? मी त्यांच्या जागी असते आणि असा कागद घेऊन कुणी माझ्या दारात आलं असतं, तर मीही हेच म्हणाले असते की आत्ताच का बरं आली ही? निवृत्तीला दोन वर्षं असताना?

चहा आला. कुणीच पीत नव्हतं. यादगिरींनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, तिच्यातून एक कोरा फुलस्केप कागद काढला आणि परीक्षेला वापरायचं पॅड मांडीवर घेतलं.

"मॅडम, एक बात पूछूँ? बुरा नक्को मानो." त्यांचा आवाज अगदी मऊ होता, त्यात राग कणभर नव्हता. "आपके ऊपर इंक्वायरी बैठी क्या?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"शरमाना नक्को. मेरा तो हो गया. आपका पेन्शन नै अटकना." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, कागदाच्या कोपऱ्यात तारीख घातली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं, "बोलो मॅडम, क्या लिखना है?"